क्युरेटिंगनंतर पाळी जवळजवळ बंद झाली: गर्भपिशवी आतून का चिकटते?

प्रश्न: माझं वय २९. गेल्या वर्षी दिवस राहिले होते, पण नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके नव्हते म्हणून क्युरेटिंग केलं, म्हणजे पिशवी आतून खरवडून साफ केली. त्यानंतर तीन आठवडे रक्त जात राहिलं. तुकडा राहिलाय म्हणून पुन्हा पिशवी साफ केली. तेव्हापासून पाळी म्हणजे एखाद-दुसरा डाग, पण दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोटात पिळवटून दुखतं. आता डॉक्टर म्हणतात, पिशवी आतून चिकटली आहे, व्रण झालेत, वरच्या भागात थोडं रक्त साठलेलं दिसतंय, दुर्बिणीने बघावं लागेल. सासूबाई म्हणतात गोळ्यांची उष्णता, मावशी म्हणते पिशवीला सूज. सासऱ्यांना चार वर्षांपूर्वी टीबी झाला होता, त्याचा काही संबंध? आणि माझ्या बहिणीची दोन सिझर झालीत, तिलाही असं होऊ शकतं का? हे व्रण नेमके होतात कशाने?

उत्तर: कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय. ठोके थांबलेला गर्भ, त्यासाठी क्युरेटिंग, तीन आठवड्यांनी त्याच पिशवीत दुसरं क्युरेटिंग. गर्भपिशवीच्या आत व्रण होण्याचं याहून नेहमीचं कारण नाही. उष्णतेचा यात संबंध नाही. तुम्ही काय खाल्लं, कधी कामाला लागलात, जिने किती चढलात याचाही नाही. दुर्बिणीने बघायला सांगितलंय तेही योग्यच आहे. तरी कारणांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण उपचार काय आणि आशा किती धरायची, हे दोन्ही कारणावर ठरतं. क्युरेटिंगने चिकटलेली पिशवी आणि टीबीने चिकटलेली पिशवी सोनोग्राफीच्या पडद्यावर सारखी दिसू शकते. पुढचं सारखं नसतं.

पिशवी म्हटलं की फुगलेली पोकळ थैली डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात गर्भ नसताना तिची पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेलीच असते, मधली पोकळी नावापुरती. दोन्ही भिंतींना आतून अस्तर असतं आणि त्याचे दोन थर असतात. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि गर्भ राहिला नाही तर पाळीत निघून जातो. खालचा पातळ थर स्नायूला धरून बसलेला असतो. तो पाळीत जात नाही आणि पुढच्या महिन्याचं अस्तर त्यातूनच उगवतं. ऊस तोडून नेला तरी बुडखा जमिनीत असेपर्यंत खोडवा फुटतो, बुडखाच उपटला तर तिथे काही येत नाही, तसंच हे. म्हणून पाळीत सगळं वरचं अस्तर गळून पडतं तरी व्रण राहत नाही. शरीरात दुसरीकडे कुठे महिन्याला एवढी मोठी जखम होऊन डागही न ठेवता भरत नाही.

हा खालचा थर जिथे खरवडला जातो तिथे उघडा स्नायू उरतो. समोरच्या भिंतीवरही तशीच जखम असेल तर दोन ओल्या जखमा एकमेकींना टेकून राहतात. त्यातून पाझरणारा चिकट द्रव गोठतो, त्यात पेशी शिरून धागे तयार करतात आणि काही आठवड्यांत दोन भिंतींमध्ये पूल बांधला जातो. सुरुवातीला तो इतका नाजूक असतो की दुर्बिणीच्या टोकाने नुसतं लोटलं तरी सुटतो. महिने गेले की पांढरा, चिवट होतो, कधी त्यात स्नायूही वाढतो आणि कात्रीशिवाय सुटत नाही. असा पूल एखादाच असला तर पाळीत फरकही पडत नाही. बऱ्याच जागा व्यापल्या गेल्या की अस्तर उगवायला जागाच उरत नाही आणि पाळी कमी होते किंवा थांबते.

तुमची केस मात्र जरा वेगळी दिसते. तुम्हाला दर महिन्याला दुखतं आणि वर रक्त साठलंय. म्हणजे वरच्या भागात अस्तर जिवंत आहे, ते ठरल्या वेळी गळतं, पण खाली पिशवीच्या तोंडाशी वाट बंद झाली आहे. न दुखता पाळी थांबलेल्या बाईपेक्षा हे बरं लक्षण मानतात. दुखणं सहन करणाऱ्याला हे ऐकून काय वाटेल ते मी समजू शकते, पण वैद्यकीयदृष्ट्या ती चांगली बातमी आहे.

या आजाराला ॲशरमन सिंड्रोम म्हणतात. क्युरेटिंगनंतर पाळी बंद झालेल्या एका बाईची नोंद जर्मनीतल्या हाइनरिश फ्रिच यांनी १८९४ सालीच केली होती, पण ती विस्मरणात गेली. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये अशा २९ बायकांची माहिती एकत्र मांडली. त्यात त्यांचा भर नेमका तुमच्यासारख्या प्रकारावर होता, म्हणजे पिशवीच्या आतल्या तोंडाशी वाट बंद होण्यावर. पोकळीत भिंतीला भिंत चिकटते हे त्यांनी दोन वर्षांनी लिहिलं. १९८२ साली जगभरातल्या १८५६ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ९१ टक्के गर्भारपणाशी जोडलेल्या होत्या: दोन-तृतीयांश गर्भपातानंतरच्या क्युरेटिंगच्या, जवळपास २१ टक्के बाळंतपणानंतरच्या क्युरेटिंगच्या. आकडे जुने आहेत, पण रोजच्या कामात दिसणारं चित्र आजही फार वेगळं नाही.

गर्भारपणाशीच एवढा संबंध का? पाळी येणाऱ्या साध्या पिशवीत तपासणीसाठी थोडं अस्तर काढलं तर सहसा काही होत नाही. गर्भ राहिलेली पिशवी मऊ आणि भुसभुशीत असते, तिथे हात किती खोल गेला हे कळत नाही आणि खालचा थरही सहज निघून येतो. शिवाय गर्भ गेला किंवा बाळंतपण झालं की ईस्ट्रोजेन झपाट्याने खाली येतं, आणि जखमेवर अस्तर पुन्हा चढवणारं हार्मोन तेच. बाळंतीण अंगावर पाजत असेल तर ते आणखी बरेच आठवडे कमी राहतं. म्हणून बाळंतपणानंतर लगेच, पहिल्या एक-दोन दिवसांत वार अडकली म्हणून हात घालावा लागला तर धोका तुलनेने कमी. तेच दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात रक्तस्राव थांबत नाही म्हणून खरवडलं तर सगळ्यात जास्त.

तिसरी गोष्ट तुम्हाला थेट लागू आहे. आत राहून गेलेला वारेचा किंवा गर्भाचा तुकडा नुसता पडून राहत नाही. त्याच्याभोवती तंतू तयार करणाऱ्या पेशी जमतात. ठोके थांबून गर्भ बरेच दिवस आत राहिला असेल तर ही तयारी क्युरेटिंगच्या आधीच सुरू झालेली असते. त्यामुळे आपोआप पडायला लागलेल्या गर्भापेक्षा ठोके थांबलेल्या गर्भाच्या क्युरेटिंगनंतर चिकटण्याचं प्रमाण जास्त दिसतं. आणि तुमच्या बाबतीत पहिली जखम भरत असताना, आत तुकडा असताना, दुसऱ्यांदा तीच जागा खरवडली गेली.

गर्भपातानंतर दुर्बिणीने तपासलेल्या बायकांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण १९ टक्के, म्हणजे पाचातल्या एकीला, कमी-जास्त प्रमाणात आत चिकटलेलं आढळलं. हा आकडा वाचून घाबरणाऱ्यांनी पुढचंही वाचावं: त्यातले निम्म्याहून जास्त प्रकार अगदी सौम्य होते. ज्यांचं क्युरेटिंग एकाहून जास्त वेळा झालं त्यांच्यात धोका वाढलेला होता. तरीही पाच-सहा वेळा क्युरेटिंग होऊन पाळी अगदी ठणठणीत असलेल्या बायका मी बघते, आणि एकाच, अगदी हलक्या हाताने केलेल्या क्युरेटिंगनंतर पिशवी पूर्ण मिटलेल्याही बघते. काहींच्या शरीराचा व्रण धरण्याकडे कल जास्त असावा, पण तो आधी ओळखायची तपासणी आज तरी हातात नाही.

आता क्युरेटिंग कसं करतात याबद्दल. जुनी पद्धत म्हणजे लांब दांड्याच्या, टोकाला धारदार कडी असलेल्या अवजाराने भिंती चारही बाजूंनी खरवडायच्या. हाताला खरखर लागली, वाळूवर घासल्यासारखी करकर झाली की पिशवी रिकामी झाली, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. ती करकर ऐकू येते तेव्हा अवजार अस्तराच्या खाली, स्नायूपाशी पोहोचलेलं असतं. म्हणजे ज्या खुणेवर थांबायचं, ती खूणच खालचा थर गेल्याची. जागतिक आरोग्य संघटनेने धारदार क्युरेट (तेच खरवडायचं अवजार) सोडून सक्शन, म्हणजे आतलं ओढून घेण्याची पद्धत, वापरा असं स्पष्ट सांगितलंय. सक्शनची साधी पद्धत म्हणजे ६० मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंज आणि तिला लावलेली मऊ नळी. वीजही लागत नाही. छोट्या गावातल्या दवाखान्यातही ते करता येतं. सक्शननेही व्रण होऊ शकतात, पण कमी. अडचण अशी की सक्शन झाल्यावर ‘एकदा खात्री करून घेऊ’ म्हणून पुन्हा धारदार क्युरेट फिरवण्याची सवय अनेकांच्या हाताला आहे. त्या एका फेरीत सक्शनचा फायदा निघून जातो.

क्युरेटिंग म्हणजे वाईटच, असा अर्थ मात्र काढू नका. रक्त वाहतंय, बीपी घसरतंय, अशा वेळी पिशवी रिकामी करणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो आणि तिथे व्रणाचा विचार मागे पडतो. तुमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या वेळी काय बघून निर्णय घेतला, हे कागदपत्रं न बघता मी सांगू शकत नाही. पण रक्तस्राव बेताचा असेल, ताप नसेल, सोनोग्राफीत छोटासाच तुकडा दिसत असेल, तर घाईने पुन्हा खरवडण्याआधी दुसरे मार्ग असतात. पुढची पाळी येईपर्यंत थांबता येतं, पुष्कळदा तुकडा तिच्याबरोबर पडून जातो. गोळ्या देता येतात. आणि काढायचाच झाला तर दुर्बिणीतून बघत फक्त तो तुकडा उचलता येतो, बाकीच्या भिंतींना हात न लावता. पहिल्या वेळीही, ठोके नाहीत असं कळल्यावर बाईची तब्येत स्थिर असेल तर गोळ्यांनी गर्भ पाडणं हा चांगला पर्याय असतो. हे सगळं वाचणाऱ्या इतर बायकांसाठी लिहितेय. तुमच्यासाठी ती वेळ गेली.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर सासूबाईंच्या शंकेचंही उत्तर देते. गर्भपाताच्या गोळ्या अस्तराला कापत नाहीत की जाळत नाहीत, त्यांनी व्रण होत नाहीत. होतं असं की मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेतल्या जातात, किती आठवडे झालेत ते तपासलेलं नसतं, अर्धवट पडतं, महिनाभर रक्त जातं आणि शेवटी क्युरेटिंग करावं लागतं. व्रण त्या क्युरेटिंगने होतात, नाव गोळ्यांचं पुढे येतं. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणाही झाली; तरी लपूनछपून गोळ्या घेण्याचं प्रमाण कमी होत नाही, ही आमची रोजची डोकेदुखी आहे.

आणखी एक खास आपल्याकडचं कारण म्हणजे ‘पिशवी धुऊन घेणं’. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, दिवस राहत नाहीत, मग एकदा पिशवी धुऊन घेतली की राहतात, ही समजूत गावोगावी आहे आणि ती मोडायला आम्ही डॉक्टरही फार पुढे आलेलो नाही. मूल राहावं म्हणून क्युरेटिंग करण्याला आज काही आधार नाही. टीबी किंवा दुसरा आजार शोधायला अस्तराचा तुकडा हवा असेल तर तो बारीक नळीने घेता येतो. ‘धुणं’ असा शब्द कोणी वापरला तर का, कशासाठी, तुकडा तपासायला पाठवणार का, एवढे तीन प्रश्न विचारा.

गर्भाशी संबंध नसलेली ऑपरेशनंही कारण ठरतात. पोकळीत आलेल्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, दुर्बिणीतून कापून काढताना गाठीच्या जागी खड्डा राहतो. समोरासमोरच्या भिंतींवर दोन गाठी असतील आणि दोन्ही एकाच वेळी काढल्या तर दोन खड्डे एकमेकांना चिकटायला मोकळे. २००० सालच्या एका अभ्यासात दुर्बिणीतून एक गाठ काढलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के आणि एकाहून जास्त गाठी काढलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के बायकांमध्ये पुढच्या तपासणीत आत चिकटलेलं दिसलं; पोकळीतला जन्मजात पडदा कापलेल्यांमध्ये हेच प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिप, म्हणजे अस्तराला आलेला मऊ कोंब, काढलेल्यांमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून समोरासमोरच्या गाठी दोन टप्प्यांत काढणं शहाणपणाचं. पोटावर छेद देऊन गाठ काढताना पोकळी उघडली गेली, किंवा बाळंतपणानंतरचा प्रचंड रक्तस्राव थांबवायला पिशवीवर आवळणारे टाके घालावे लागले, गाठींसाठी पिशवीच्या रक्तवाहिन्या बंद केल्या, तर त्यानेही काही वेळा पुढे आत चिकटलेलं दिसतं. कॅन्सरसाठी ओटीपोटाला दिलेल्या किरणांनीही अस्तर जातं. अतिरक्तस्रावावर अस्तर उष्णतेने जाळण्याचा उपचार असतो, तिथे व्रण हा अपघात नसून उपचाराचा हेतूच असतो. म्हणून मूल हवं असलेल्या बाईला तो द्यायचा नसतो.

बहिणीबद्दल: सिझरने पोकळी चिकटणं क्वचित घडतं. १९८२ च्या त्या मोठ्या नोंदीत सिझरचा वाटा २ टक्के होता. टाका घालताना चुकून समोरची भिंत ओढली गेली तर तसं होऊ शकतं. सिझरनंतर जे जास्त वेळा आढळतं ते वेगळं आहे. टाक्यांच्या जागी आतल्या बाजूने खाच राहते, त्यात पाळीचं रक्त अडकतं आणि पाळी संपल्यावर चार-सहा दिवस काळपट डाग लागत राहतात. म्हणजे पाळीचे दिवस वाढतात, पाळी कमी होत नाही. बहिणीची पाळी पूर्वीसारखीच असेल तर तिने काळजी करत बसू नये.

टीबीकडे मात्र मला जास्त जागा द्यायची आहे, कारण परदेशी पुस्तकांत तो एका ओळीत येतो आणि आपल्याकडे तो एका ओळीत बसत नाही.

टीबीचे जंतू पिशवीत बाहेरून येत नाहीत. ते श्वासातून फुप्फुसात जातात, तिथून रक्तातून गर्भनलिकांत पोहोचतात आणि नलिकांतून खाली अस्तरात उतरतात. बाईला खोकला, ताप, वजन घटणं यातलं काहीच आठवत नसतं. नलिका जवळजवळ नेहमीच बाधित असतात, अस्तर निम्म्या-अधिक रुग्णांत. गंमत अशी की अस्तर दर महिन्याला गळत असल्याने जंतूही त्याबरोबर बाहेर पडत राहतात. त्यामुळे आजार बरीच वर्षं दबून राहतो. पण खालच्या थरात घर केलं की तिथला बुडखाच खाल्ला जातो. क्युरेटिंगचे व्रण बहुतेक वेळा पट्ट्यांसारखे असतात, मधे मधे निरोगी गुलाबी अस्तर दिसतं. टीबीत आतली सगळी भिंत फिकट, आखडलेली, पोकळी बोटभर उरलेली अशी दिसू शकते. ट्यूब टेस्टिंगच्या, म्हणजे पिशवीत औषध सोडून काढलेल्या, एक्स-रेत नलिका मण्यांच्या माळेसारख्या तुटक किंवा कडक काठीसारख्या दिसतात.

पिशवीला कधी हात लागलेला नाही, क्युरेटिंग नाही, ऑपरेशन नाही, आणि तरी आत व्रण आहेत, असं असेल तर आम्ही टीबी नाही हे सिद्ध होईपर्यंत टीबीच धरून तपास करतो. तुमच्या बाबतीत पाळी आधी नियमित होती, दिवसही राहिले होते आणि बदल नेमका क्युरेटिंगनंतर झाला. त्यामुळे टीबीची शक्यता मला कमी वाटते. सासऱ्यांच्या टीबीच्या वेळी तुम्ही त्याच घरात असाल तर हे डॉक्टरांना सांगा, आणि दुर्बिणीच्या वेळी तुकडा तपासायला पाठवायला सांगा. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: तुकड्याचे दोन भाग करावे लागतात. एक फॉर्मलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. दुसरा साध्या सलाइनमध्ये, जंतू वाढवून बघण्याच्या (कल्चर) आणि जंतूंचे जनुकीय अंश शोधणाऱ्या जीनएक्स्पर्टसारख्या तपासण्यांसाठी. घाईत सगळा तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला जातो आणि मग कल्चर होऊच शकत नाही, कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात. ऑपरेशनच्या आधी नर्सला किंवा डॉक्टरांना ‘दोन बाटल्या करणार ना?’ एवढं विचारलंत तर कोणी रागावणार नाही.

उलट बाजूही आहे. फक्त टीबीची पीसीआर, म्हणजे जंतूंचे जनुकीय अंश शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली, बाकी कुठेच काही नाही, आणि तेवढ्यावर सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू, असंही सर्रास चालतं. ती तपासणी मेलेल्या जंतूंच्या अंशानेही पॉझिटिव्ह येऊ शकते. तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या टीबीच्या गाठी, कल्चर, दुर्बिणीतलं चित्र यांपैकी कशाचा तरी आधार हवा. टीबी खरंच निघाला तर गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि सहसा सहा महिन्यांत कोर्स पूर्ण होतो. जंतू जातात, पण गेलेला खालचा थर परत येत नाही. टीबीच्या व्रणांत मूल राहण्याची आशा क्युरेटिंगच्या व्रणांपेक्षा बरीच कमी असते, ती याच कारणाने.

मावशींच्या ‘सूज’बद्दल थोडक्यात. पिशवीला सूज हे आपल्याकडे पांढरं जाण्यापासून कंबरदुखीपर्यंत सगळ्याला दिलेलं नाव आहे. टीबी सोडला तर साध्या जंतुसंसर्गाने एकट्याने पिशवी आतून चिकटते का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. जखम नसताना नुसत्या संसर्गाने असं होत असेल असं मला वाटत नाही. कॉपर-टीनेही भिंती चिकटत नाहीत; एके काळी तर चिकटलेलं सोडवल्यावर भिंती दूर ठेवायला साधी लूप बसवत असत. हार्मोनवाली टी किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना पाळी कमी होते ती अस्तर पातळ राहिल्याने, ती बंद केली की पूर्ववत होते.

पाळी कमी होण्याची इतर कारणंही असतात आणि ती आधी बघायची असतात. पहिलं म्हणजे पुन्हा दिवस राहिलेत का, कारण दवाखान्यात पाळी गेली म्हणून आलेल्यांपैकी कितीतरी जणी गरोदर निघतात. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), पीसीओएस (बीजकोशांचा हार्मोनचा बिघाड). बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या बाईला दूधच आलं नाही, थकवा आहे, पाळी नाही, असं असेल तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसलेला असू शकतो. आतल्या व्रणांत हार्मोनचे सगळे रिपोर्ट सहसा नॉर्मल येतात. हार्मोनच्या गोळ्यांचा कोर्स देऊनही रक्त येत नसेल तर संशय पक्का होतो. खात्री मात्र दुर्बिणीनेच. सोनोग्राफीत अस्तर पातळ दिसतं, मध्येच तुटलेलं दिसतं. ट्यूब टेस्टिंगमध्ये पोकळीत औषध न भरलेल्या जागा दिसतात. किती, कुठे आणि किती चिवट, हे डोळ्यांनी बघितल्यावरच कळतं, आणि त्याच वेळी ते सोडवताही येतं.

सोडवतात ते असं. पिशवीच्या तोंडातून बारीक दुर्बीण घालून सलाइनने पोकळी फुगवायची. तुमच्यासारख्या केसमध्ये सुरुवातीलाच वाट बंद असते, म्हणून पोटावर सोनोग्राफीचा प्रोब धरून दिशा बघत इंच-इंच पुढे जावं लागतं. बारीक कात्रीने पांढरे पट्टे मधोमध कापायचे, निरोगी अस्तराला धक्का लावायचा नाही. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत नलिकांची तोंडं दिसली की पोकळी परत मिळाली असं समजायचं. आंधळेपणाने पुन्हा क्युरेटिंग करून ‘उघडून’ घेणं मात्र नाही म्हणजे नाही. नंतर भिंती दूर राहाव्यात म्हणून काही दिवस छोटा फुगा किंवा जेल ठेवतात, अस्तर वाढावं म्हणून महिनाभर किंवा थोडं जास्त ईस्ट्रोजेन देतात. पुन्हा चिकटणं हा या आजाराचा सगळ्यात हट्टी भाग. सौम्य-मध्यम प्रकारांत साधारण एक-तृतीयांश, अगदी गंभीर प्रकारांत दोन-तृतीयांशांपर्यंत. म्हणून काही आठवड्यांनी दुर्बिणीने पुन्हा बघणं हे उपचाराचाच भाग समजा, पैसे काढायचा बहाणा नव्हे. पहिल्या ऑपरेशनच्या आधीच दोन्हींचा खर्च विचारून ठेवा.

तुमच्या केसमध्ये वरचं अस्तर टिकून असल्याने पाळी परत येण्याची आणि दिवस राहण्याची शक्यता चांगली आहे. दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हा सगळा इतिहास सांगा. व्रण असलेल्या जागी वार स्नायूत खोलवर रुजण्याचा धोका असतो आणि मग बाळंतपणात वार सुटत नाही, रक्त खूप जातं. बाळंतपण रक्तपेढी आणि ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच ठरवा, आणि सोनोग्राफी करणाऱ्याला वार कशी बसलीय ते मुद्दाम बघायला सांगा. ज्यांच्या पिशवीत अस्तर उरलेलंच नाही, त्यांच्यासाठी २०२१ च्या कायद्याप्रमाणे, पैशाच्या व्यवहाराशिवायची सरोगसी हा मार्ग उरतो. तुमच्यावर ती वेळ येईल असं आत्ता तरी दिसत नाही.

दुर्बिणीला जाताना दोन्ही वेळची डिस्चार्ज कार्डं, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि पहिल्या वेळी तुकडा तपासायला पाठवला असेल तर त्याचा अहवाल न्या. सक्शन होतं की क्युरेट, दुसऱ्या वेळी काय निघालं, हे त्यातूनच कळेल. दर महिन्याच्या दुखण्याच्या तारखा लिहून ठेवा, त्यावर ऑपरेशनचा दिवस ठरवायला मदत होते. मधल्या काळात ताप आला, दुखणं अचानक वाढलं किंवा घाण वास येणारा स्राव सुरू झाला, तर साठलेल्या रक्तात जंतू शिरलेले असू शकतात. तेव्हा ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा.